फणशांच्या नोंदी

श्यामकांत फणसे यांचा विश्वास फार पूर्वीच पानिपतात गेला होता. दूधवाला पाणी घालतो, पेपरवाला रविवारची पुरवणी आधी स्वतः वाचतो, डॉक्टर बऱ्या झालेल्या माणसालाही उगाच परत बोलावतो, अशी त्यांची पक्की मतं होती. मुलुंड पूर्वेच्या एका चार मजली बिल्डिंगीत ते नऊ वर्षं सलग सेक्रेटरी होते. लोकांना ते फार आवडत होते अशातला भाग नाही. ते काम अंगावर घ्यायला दुसरं कुणी तयारच होत नव्हतं.

अशा माणसाच्या दारात एका रविवारी सकाळी दहाला तिसऱ्या मजल्यावरची संघमित्रा हिवराळे उभी राहिली. छत्तीस वर्षांची, घाटकोपरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारी. हातात एक पेनड्राइव्ह.

"काका, काकूंनी सांगितलं म्हणून आलेय. तुमच्या पीसीवर नवीन सिस्टीम टाकून देते. फुकट आहे, एकदम कायदेशीर."

फुकट म्हटल्यावर फणशांच्या मनात पाल चुकचुकली. या जगात फुकट फक्त सल्ले मिळतात, आणि तेही बहुतेक चुकीचे.

पण इलाज नव्हता. त्यांचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा झाला होता. जुन्या विंडोजला यापुढे सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत, अशी पाटी रोज सकाळी पडद्यावर यायची आणि नवीन विंडोज त्या मशीनवर चढायला तयार नव्हतं. दुकानात नेऊन टाकावं, तर दुकानदार आतली माहिती काढून घेणार. म्हणून फणसे महिनाभर नुसतेच धुमसत होते. शेवटी त्यांच्या बायकोने, वसुधाबाईंनी, परस्पर गेटपाशी संघमित्राला गाठलं आणि विचारलं. फणशांना हे शनिवारी सकाळी कळलं.

"तिलाच कशाला सांगितलंस?" ते तेव्हा म्हणाले होते.

"मग कुणाला सांगू? तिचं रोजचं काम आहे ते. आणि मुलगी चांगली आहे."

"चांगली आहे हे तुला काय माहीत?"

"वाईट आहे हे तुम्हाला काय माहीत?" वसुधाबाई म्हणाल्या आणि भाजी आणायला निघून गेल्या.

फणशांना वाईट माहीत नव्हतं, पण संशय मात्र भरपूर होते, आणि ते सगळे लिहून ठेवलेले होते. हीच तर खरी अडचण होती. सेक्रेटरी झाल्यापासून फणसे बिल्डिंगच्या नोंदी ठेवत. सोसायटीच्या रजिस्टरात जातात त्या नव्हेत; खासगी. कुणाकडे कोण आलं, किती वाजता आलं, कुणाच्या घरातून कसला आवाज आला, कुणाचं कुणाशी जमतं. प्रत्येक मजल्याची वेगळी फाइल. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या बाटल्यांचा हिशेब होता, चौथ्या मजल्यावरच्या सुनेच्या फोनवरच्या भांडणाचे उतारे होते, आणि खुद्द वसुधाबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणींवर अडीच पानं होती. यातलं एक पान जरी बाहेर फुटलं असतं तरी फणशांना मुलुंड सोडून जावं लागलं असतं. निदान बिल्डिंग तरी सोडावीच लागली असती.

म्हणून शनिवारी दुपारी, वसुधाबाई झोपलेल्या असताना, त्यांनी तो अख्खा फोल्डर स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेतला, कॉम्प्युटरमधून उडवला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, आणि पेनड्राइव्ह बनियनच्या आतल्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन मारली. रविवारी संघमित्रा आली तेव्हा ती पिन त्यांना बरगडीपाशी टोचत होती, आणि टोचत होती म्हणून बरंही वाटत होतं.

संघमित्रा मशीनसमोर बसली. फणशांनी खुर्ची ओढून बरोबर तिच्या उजव्या खांद्यामागे मांडली, आणि वहीपेन घेतलं.

"लगेच काही पुसणार नाही मी," ती म्हणाली. "आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का. सगळं जमलं तरच आत टाकायचं. घाईघाईत टाकलं की वाट लागते."

फणशांनी वहीत लिहिलं : १०.१४. अजून पुसले नाही असे म्हणते.

मशीन बंद करून चालू करताना ती एक बटण भराभर दाबत राहिली आणि पडद्यावर विंडोजऐवजी भलतंच निळसर चित्र आलं. वायफायचा पासवर्ड तिने विचारला, तेव्हा फणसे म्हणाले, "तुम्ही उठा. मीच घालतो." ती उठून खिडकीपाशी गेली. त्यांनी डाव्या हाताचा आडोसा करून उजव्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड घातला. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती, वसुधाबाई तिला अगं-तुगं करत. फणसे मात्र तिला तुम्ही म्हणत. मान म्हणून नव्हे. एकदा तू म्हटलं की माणूस घरातलं होतं आणि घरातल्यावर लक्ष ठेवणं अवघड जातं.

वायफाय लागलं. आवाज आला. प्रिंटरने एक कोरा कागद बाहेर टाकून ओळख दिली.

"झकास," संघमित्रा म्हणाली. "आता नीट ऐका काका. सी ड्राइव्ह पूर्ण पुसला जाईल, डी तसाच राहील. सी मध्ये काही महत्त्वाचं आहे? डेस्कटॉपवरचंही सी मध्येच असतं हां, लोक तिथेच फसतात."

"काही नाही."

"फोटो, कागदपत्रं?"

"सगळं डी मध्ये."

"आणि मराठी टाइप करता का तुम्ही? कुठल्या जुन्या फॉन्टमध्ये वगैरे?"

फणशांचा पेन थांबला. हिला मराठीचं काय पडलंय? मराठीत काय लिहिता, कशावर लिहिता. हा काय प्रश्न झाला? म्हणजे वास लागलाय हिला.

"मी मराठी टाइप करत नाही," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"नाही म्हटलं ना एकदा!"

तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं, मग खांदे उडवून पुढचं बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. तेवढ्यात ती बजावत राहिली : मध्ये लाइट गेली तरी घाबरायचं नाही, फक्त पुन्हा सुरुवात करावी लागेल, नवा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका, महिन्यातून एकदा डी मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. सल्ले सगळे शहाणपणाचे होते. फणशांना नेमकी त्याचीच शंका आली. चोर कुलपाबद्दल फार चांगलं बोलतो.

पासवर्ड ठरवायच्या वेळी ती आपणहून पाठ फिरवून बसली. एक वाजता काम संपलं. वसुधाबाईंनी तिला पोहे दिले, चहा दिला, आणि ती गेली. फणशांनी दाराची वरची कडी लावली, खालची लावली, आणि पिन काढून पेनड्राइव्ह बाहेर घेतला.

मजला एक, मजला दोन, मजला तीन. सगळ्या फाइली जागेवर होत्या. आधी तिसरा मजला उघडून बघू, असं त्यांनी ठरवलं. हिने हात मारला असेल, तर स्वतःबद्दल लिहिलंय तिथेच मारणार.

फाइल उघडली. एक अक्षर मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर. असली खिचडी पानामागून पान. मजला एकही तसाच. मजला चारही तसाच. त्यांच्याच बनियनमध्ये पिन मारून ठेवलेला पेनड्राइव्ह! म्हणजे तो लावल्याबरोबर तिच्या त्या फुकट सिस्टीमने आतलं सगळं कुलूपबंद केलं. असं होतं, टीव्हीवर दाखवतात. आधी फाइली कुलपात, मग धमकी, मग मागणी.

त्यांनी तिला फोन लावला. "खाली या. आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी सायबर पोलिसांना कळवतो."

ती दोन मिनिटांत आली, तशीच, हाताला कणीक लागलेली. दार वसुधाबाईंनी उघडलं.

"काय केलंत तुम्ही माझ्या फाइलींचं?" फणसे ओरडले. जिन्यात ऐकू गेलं असणार, पण तेव्हा त्यांना भान नव्हतं. "बनियनमध्ये ठेवला होता मी! बनियनमध्ये! तरी तुम्ही पोचलातच. मला आधीपासून ठाऊक होतं. तुम्हा लोकांना घरात घेतलं की हेच होणार."

संघमित्राचा चेहरा एकदम बंद झाला. ओल्या कणकेचा हात तिने ओढणीला पुसला.

"काय होणार, काका? आणि कुठल्या लोकांना?"

वसुधाबाई म्हणाल्या, "अहो, तोंड आवरा. संघमित्रा, तू बघ गं काय झालंय ते. यांच्याकडे लक्ष देऊ नकोस."

"बघते. पण मी केलं नाही हे दाखवण्यासाठी बघते," ती म्हणाली आणि उभ्याउभ्याच पडद्याकडे वाकली. दोन सेकंद पुरले. "हे कुलूप वगैरे काही नाही. मराठीच आहे. जुन्या फॉन्टमधलं. हे फॉन्ट आत इंग्रजी अक्षरंच ठेवतात आणि वरून मराठी रूप चढवतात. तो फॉन्ट विंडोजबरोबर सी मध्ये होता, तो गेला, म्हणून आतलं दिसतंय. म्हणूनच विचारलं होतं सकाळी. तुम्ही म्हणालात, मी मराठी टाइप करत नाही."

फणसे खुर्ची ओढून बसले. सुटका झाली की पकडले गेलो, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

"फॉन्टची सीडी असेल ना? दादरहून वगैरे घेतलेली?"

"हरवली," फणसे म्हणाले.

"हरवली कुठे?" वसुधाबाई म्हणाल्या. "शिवणाच्या डब्याखाली आहे. परवाच बघितली मी."

"राहू दे गं. आता नको. संध्याकाळी बघू. त्यांच्या हाताला कणीक आहे."

पण वसुधाबाई डबा उचलून सीडी घेऊन आल्यासुद्धा. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा एखादा शब्द त्यांनी वेळेवर ऐकला असता, तर तो आजच ऐकायला हवा होता, असं फणशांना वाटून गेलं. संघमित्राने हात धुतले, सीडी आत सरकवली, फॉन्टची फाइल उचलून कुठेतरी ठेवली, फणशांची फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली.

"मी बघतो," म्हणत फणसे पुढे झाले, तोवर सगळी खिचडी निवडली गेली होती. स्वच्छ, ठसठशीत मराठी. त्यांची स्वतःची, कचेरीत तीस वर्षं घडवलेली, काना-मात्रा न चुकणारी.

"बघा, जोडाक्षरं नीट आलीयत का," संघमित्रा सवयीने म्हणाली आणि ओळीवरून बोट नेऊ लागली. मग बोट थांबलं. मग तिने वाचलं, मोठ्याने, कारण वसुधाबाई विचारत होत्या की काय आहे ते.

"१४ नोव्हेंबर. सकाळी सव्वासहा. ३०४ यांनी गेटजवळच्या फळ्यावर विनापरवानगी स्वतःच्या कार्यक्रमाचे निमंत्रण लिहिलेले आढळले. पायंडा पडू नये म्हणून कोणी वाचण्यापूर्वी पुसले. दुपारी बारा. ३०४ मध्ये पांढऱ्या साड्यांतील तीस-पस्तीस बायका. जिन्यात चपलांचा ढीग. बिल्डिंगमधून कोणीही गेले नाही. समाधानाची बाब."

संघमित्राने बोट पडद्यावरून काढलं.

"बाबांचं पुण्यानुमोदन होतं ते, गेलेल्या माणसासाठी आम्ही करतो ते," संघमित्रा म्हणाली. "गावी वारले बाबा, सगळं तिकडेच झालं. इथे ओळखीची माणसं म्हणून इथेही ठेवलं. दुःखाचं बोलावणं घेऊन दारोदार कुठे जायचं, म्हणून आईने फळ्यावर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, पहाटे उठून. ग्रुपवर टाकलं असतं, पण ग्रुपमध्ये आम्हाला घेतलंच नव्हतं तुम्ही तेव्हा."

"मी पुढे वाचलंच नाही," फणसे म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "‘सर्व रहिवाशांना नम्र निमंत्रण’ एवढीच ओळ वाचली आणि फडकं फिरवलं. कोण गेलं ते मला माहीत नव्हतं."

"आम्हाला दोन महिन्यांनी कळलं गं, काशीरामभाऊ गेले ते," वसुधाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या उशिरा कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून राहून गेलं. सगळ्यांचंच तसं झालं."

"आई अजून म्हणते. साठ माणसांचं जेवण केलं होतं, बिल्डिंगमधलं एक माणूस आलं नाही. कोण आहोत आपण ते त्यांनी दाखवून दिलं, म्हणते." संघमित्राने पडद्याकडे पाहिलं. "तीन वर्षं मीही तेच धरून चालले. काल काकूंनी सिस्टीमचं विचारलं, तेव्हा मनात आलं होतं, कामापुरती बरी आठवते. तरी आले."

फणशांना वाटलं, तिने ओरडावं. शिव्या द्याव्यात, बिल्डिंग गोळा करावी. ती वेळ येणार याची भीती त्यांनी नऊ वर्षं बाळगली होती. निदान ओळखीची तरी होती ती.

तिने नुसतं प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर घरघरला आणि ते पान बाहेर आलं.

"हे आईला दाखवायचंय," ती म्हणाली. "पण तिला इतकं बारीक वाचता येत नाही. तुम्ही लिहिलंय, तुम्हीच वाचून दाखवा."

"मी?"

"मी वाचलं तर तिला वाटेल मी समजूत घालतेय. बाकीच्यांना खरंच ठाऊक नव्हतं, हे तिला तुमच्याकडूनच कळायला हवं."

फणशांनी वसुधाबाईंकडे पाहिलं. त्यांनी दार सताड उघडलं आणि बाजूला झाल्या.

तिसरा मजला म्हणजे एकच जिना वर, पण फणसे मध्ये दोनदा थांबले. ३०४ चं दार उघडंच होतं. नंदाबाई हिवराळे गॅसवर तवा ठेवून लेकीची वाट बघत होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, चष्म्याची काच एकीकडे जाड. दारात सेक्रेटरी बघून त्यांनी आधी गॅस बंद केला, मग पदर सावरला.

"या साहेब. काय चुकलं का आमचं?"

हा प्रश्न फणशांनी हजार वेळा ऐकला असेल, आणि दर वेळी तो त्यांना आवडायचा. आज तो ऐकून त्यांना स्वतःची किळस आली.

"तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. कागद दोन्ही हातांत धरून त्यांनी तारखेपासून सुरुवात केली. सव्वासहा वाचलं, फळा वाचला, पायंडा वाचला. ‘कोणी वाचण्यापूर्वी पुसले’ इथे अडखळले, तर त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चपला वाचल्या. ‘समाधानाची बाब’ हेही वाचलं; गाळावं असं मनात आलं होतं, पण संघमित्रा शेजारी उभी होती आणि कागद तिनेच काढला होता.

नंदाबाई खाली बघून ऐकत होत्या.

"म्हणजे," त्या शेवटी म्हणाल्या, "बाकी कुणी ते वाचलंच नव्हतं?"

"कुणीच नाही."

"समोरच्या क्षमाताईंनीपण नाही?"

"नाही. माझ्याशिवाय कुणीच नाही."

फणसे आता माफीचे शब्द जुळवू लागले. खूप होते ते, आणि चांगले होते. मसुदे करण्यात त्यांचा हातखंडा होता. पण नंदाबाईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा परत चढवला.

"तीन वर्षं झाली," त्या लेकीला म्हणाल्या. "ती बिचारी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची गं. मी दार उघडलं नाही. आत बसून राहायची मी, ती जाईपर्यंत."

मग त्या उठल्या. फणसे दारातच उभे होते, तर त्यांना हातानेच बाजूला सारून त्या बाहेर आल्या, आणि अनवाणीच चार पावलं चालून त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवली.